दात काढायचा ठरलाय? मग आधी हाडाचं बोला

जबड्याचं हाड वाचवायचं असेल तर दात काढण्याच्या दिवसाइतका चांगला दिवस पुन्हा येत नाही. मी हिरड्यांची आणि जबड्याच्या हाडाची शस्त्रक्रिया करते, आणि माझ्याकडे येणारे कितीतरी जण हा दिवस उलटून गेल्यावर येतात. दात काढून वर्ष झालेलं असतं, जखम छान भरलेली असते, दुखत काहीच नसतं. मग इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात रोवायचा स्क्रू, बसवायचा विचार होतो आणि लक्षात येतं की तिथे हाडच पुरेसं उरलेलं नाही. तेव्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया मोठी, लांबलेली आणि जास्त त्रासाची असते. दात निघाला त्याच बैठकीत रिकाम्या खळग्यात हाडाचे कण भरायला थोडा वेळ जास्त दिला असता तर त्यातलं बरंचसं टळलं असतं. म्हणून ज्यांचा दात अजून तोंडात आहे आणि तो काढायचं नक्की झालं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हाड जातं कुठे

जबड्याचं मूळचं भक्कम हाड आयुष्यभर राहतं. त्यावर दातांची मुळं धरून ठेवणारा जो उंचवटा असतो तो मात्र दातांबरोबर तयार होतो आणि दातांच्याच भरवशावर टिकतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ पडदा असतो, जाडीला साधारण पाव मिलिमीटर. चावताना दातावर येणारा दाब हे तंतू हाडापर्यंत पोचवतात. दाताच्या खळग्याला आतून जे हाडाचं अस्तर असतं, त्याला रक्तही बरंचसं या पडद्यातूनच मिळतं. दात काढला की पडदा फाटतो. अस्तराला काम उरत नाही आणि रक्तही कमी पडतं. शरीर मग ते अस्तर काढून टाकायला लागतं.

नुसतं अस्तर गेलं तर फार बिघडलं नसतं. अडचण आहे ती ओठाच्या आणि गालाच्या बाजूच्या भिंतीची. वरच्या पुढच्या दातांत ही भिंत बहुतेकांची एक मिलिमीटरहूनही पातळ असते, नखाइतकी म्हणा ना, आणि ती जवळजवळ सगळी त्या अस्तराचीच बनलेली असते. अस्तर गेलं की भिंतच गेली. टाळूकडची भिंत जाड असल्यामुळे ती बरीचशी टिकते. म्हणूनच दात काढलेली जागा बुटकी होण्याआधी अरुंद होते आणि हाडाचा उंचवटा आतल्या बाजूला सरकल्यासारखा दिसतो. आराउजो आणि लिंडे यांनी 2005 साली कुत्र्यांच्या जबड्यांवर केलेल्या अभ्यासात हा सगळा क्रम 8 आठवड्यांत टप्प्याटप्प्याने दाखवला, आणि बाहेरची भिंतच आधी का ढासळते हे स्पष्ट झालं.

माणसांमध्ये किती फरक पडतो? श्रॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2003 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगते. त्यांनी दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या. सरासरी 12 मिलिमीटर रुंद असलेली जागा 12 महिन्यांनी 6 मिलिमीटरच्या जवळ आली होती, म्हणजे निम्मी. त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या 3 महिन्यांतच झाली होती. "बघू सावकाश, घाई काय आहे" असं आपण म्हणत असतो तेवढ्यातच हाड निघून गेलेलं असतं.

आता इम्प्लांटचा हिशेब करा. साध्या इम्प्लांटची जाडी 4 मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच्या बाहेरच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर आणि आतल्या बाजूला निदान एक मिलिमीटर हाड हवं. म्हणजे सुमारे 7 मिलिमीटर रुंदी लागते आणि शिल्लक 6 आहे. हा एखाद्या मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण आमच्या कामात सगळं त्यावरच अडतं.

इम्प्लांट नको असेल तरी हाडाचा प्रश्न सुटत नाही. ब्रिज बसवला तर मधल्या कृत्रिम दाताखाली हिरडी खचलेली असते. तिथे फट पडते, अन्न अडकतं, आणि समोरचा दात असेल तर हसताना काळी सावली दिसते. कवळी असेल तर तिला बसायला उंचवटाच उरत नाही. खालच्या जबड्याच्या पूर्ण कवळीचा त्रास ज्यांनी भोगला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ग्राफ्टने काय होतं आणि काय होत नाही

दात काढल्यावर रिकाम्या खळग्यात हाडाचे किंवा हाडासारख्या पदार्थाचे बारीक कण भरायचे, त्यावर आच्छादन घालायचं आणि टाक्याने ते जागेवर ठेवायचं. या भरावाला ग्राफ्ट म्हणतात, आणि या सगळ्या पद्धतीला आम्ही सॉकेट प्रिझर्व्हेशन म्हणतो. हे कण स्वतः हाड बनत नाहीत. खळग्यात जमणाऱ्या रक्ताच्या गुठळीला ते आधार देतात, भिंती आत कोसळू देत नाहीत, आणि आजूबाजूच्या जिवंत हाडातून येणाऱ्या पेशींना वर चढायला जागा करून देतात. नवं हाड तुमचं शरीरच तयार करतं.

बाहेरच्या भिंतीची झीज ग्राफ्टने पूर्ण थांबत नाही, कमी होते. आतापर्यंतच्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तर नुसतंच सोडून दिलेल्या जागेच्या तुलनेत रुंदीत सरासरी दीड-दोन मिलिमीटर आणि उंचीत एक-दीड मिलिमीटर वाचतं. कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही फायदा दिसला आहे, पण पुराव्याची खात्री कमी आहे असंही त्यात नोंदवलं आहे. एखादा डॉक्टर "एक कणही हाड जाणार नाही" म्हणत असेल तर त्याला आणखी दोन प्रश्न विचारा. मी मात्र वर मांडलेल्या हिशेबाकडे बघते. जिथे एखाद्या मिलिमीटरवर सगळं अडतं, तिथे दीड-दोन मिलिमीटर वाचणं फार मोलाचं आहे.

कोणाला गरज आहे, कोणाला नाही

वरचे पुढचे दात, म्हणजे पटाशीचे दात, सुळे आणि त्यांच्या शेजारच्या उपदाढा, इथे मी जवळजवळ नेहमीच ग्राफ्ट सुचवते. मुळाला तडा जाऊन किंवा जुन्या संसर्गामुळे बाहेरची भिंत आधीच खाल्ली गेली असेल तर आग्रहाने सुचवते. वरच्या दाढांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यावर सायनसची, म्हणजे नाकाशी जोडलेली हवेची पोकळी असते. दाढ गेली की हाड खालून झिजतं आणि सायनस वरून खाली उतरतो. दोन्हीकडून जागा कमी होत गेली की पुढे सायनस उचलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांना इम्प्लांट हवंय पण काही कारणाने पाच-सहा महिने किंवा त्याहून जास्त थांबावं लागणार आहे, त्यांनीही हाड राखून ठेवावं.

अक्कलदाढ काढताना सहसा काही भरायची गरज नसते, कारण तिच्या जागी आपण काही बसवणार नसतो. दुधाच्या दातांना तर प्रश्नच नाही. खालच्या दाढेच्या चारही भिंती जाड आणि शाबूत असतील, आणि सहा-आठ आठवड्यांत इम्प्लांट बसवायचं नक्की असेल, तर नुसता खळगा भरू देणंही योग्यच. काहींच्या बाबतीत दात काढून त्याच वेळी इम्प्लांट बसवता येतं. तेव्हाही इम्प्लांट आणि बाहेरची भिंत यांच्यात जी फट राहते ती कणांनी भरलेली बरी. नुसतं इम्प्लांट बसवल्याने भिंतीची झीज थांबत नाही, हे कुत्र्यांवरच्या अभ्यासांत आणि माणसांतही दिसलं आहे.

पू वाहतो आहे, चेहरा सुजला आहे, ताप आहे, अशा अवस्थेत मी ग्राफ्ट भरत नाही. आधी संसर्ग आटोक्यात आणते, दात काढते, आणि गरज पडली तर काही आठवड्यांनी हाडाचं काम करते. मुळाच्या टोकाला जुनी, शांत गाठ असेल तर ती नीट खरवडून काढल्यावर बहुधा त्याच दिवशी भरता येतं.

काढण्याआधीची भेट

दात काढायचा दिवस ठरवण्याआधी एक भेट फक्त बोलण्यासाठी ठेवा. पहिला प्रश्न असा विचारा: "या जागी पुढे काय बसणार आहे?" याचं उत्तर नसेल तर ग्राफ्ट करायचं की नाही हेही ठरत नाही. दुसरा प्रश्न: "बाहेरच्या भिंतीची अवस्था काय आहे?" साध्या एक्स-रेत ही भिंत दिसत नाही, कारण तो समोरून सपाट चित्र घेतो. शंका असेल तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन करावा लागतो. प्रत्येकाला तो लागतोच असं नाही, पण पुढच्या दातांसाठी आणि सायनसजवळच्या दाढांसाठी मी तो मागते.

मग औषधांची यादी. इथे थोडी थांबते, कारण सगळ्यात गंभीर गुंतागुंत इथूनच येते. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल किंवा हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी जी औषधं देतात, म्हणजे ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या, झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन, डेनोसुमॅबचं इंजेक्शन, त्यांच्यामुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून मृत होण्याचा धोका असतो. हा प्रकार 2003 साली पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला. हाडाच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत तो विरळा, कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत बराच जास्त. "कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं तर लोक रोजच्या गोळ्या सांगतात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, सहा महिन्यांतून एकदाचं किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन त्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून मी मुद्दाम विचारते: गेल्या काही वर्षांत हाडांसाठी कधी इंजेक्शन घेतलंय का? तुम्हाला कोणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आणि ही औषधं स्वतःच्या मनाने थांबवू नका. डेनोसुमॅब अचानक बंद केलं तर मणक्यांची हाडं मोडल्याची उदाहरणं आहेत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. त्या स्वतःहून बंद केल्या तर रक्तस्रावापेक्षा मोठं संकट ओढवू शकतं. बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच दात काढता येतो, फक्त आम्हाला आधी माहीत असावं लागतं. मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट घेऊन या. साखर फार वाढलेली असेल आणि दात लगेच काढायची निकड नसेल तर मी थांबते. डोक्या-मानेला किरणोपचार झाले असतील तर ते कितीही वर्षांपूर्वीचे असोत, सांगितलेच पाहिजेत, कारण त्या हाडाची भरून यायची ताकद कायमची कमी झालेली असते.

सिगारेट, विडी, तंबाखू. माझ्याकडे ग्राफ्ट करून घ्यायचं असेल तर निदान आठवडाभर आधी बंद आणि पुढचे आठ आठवडे बंद, असं मी सांगते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि नवं हाड तर रक्तावरच अवलंबून. "दिवसाला दोनच" यावर मी तडजोड करत नाही. जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मग आपण वेगळा मार्ग ठरवू.

आणखी एक. दात काढण्याआधी बाकीच्या दातांची सफाई करून घ्या. शेजारच्या दातांवर किटण आणि हिरड्यांना सूज असताना मध्ये ग्राफ्ट ठेवणं मला पटत नाही.

काय भरायचं

पर्याय ढोबळमानाने चार. तुमचंच हाड, दुसऱ्या माणसाने मरणोत्तर दान केलेलं आणि प्रक्रिया केलेलं हाड, प्राण्यांचं, बहुधा गाईचं, प्रक्रिया केलेलं हाड, आणि कारखान्यात बनवलेले कॅल्शियमचे क्षार किंवा जैविक काच. तुमच्या हाडात जिवंत पेशी असतात, म्हणून ते गुणाने सरस. पण ते घ्यायला दुसरीकडे जखम करावी लागते, आणि एका दाताच्या खळग्यासाठी मी ते सहसा करत नाही. दान केलेलं हाड काही महिन्यांत बऱ्यापैकी विरतं आणि त्याची जागा नवं हाड घेतं. गाईच्या हाडाचे कण फार हळू विरतात. वर्षानुवर्षं ते एक्स-रेत दिसत राहतात, पण आकार मात्र चांगला धरून ठेवतात. म्हणून पुढच्या दातांत, जिथे बाहेरचा फुगवटा टिकणं महत्त्वाचं असतं, तिथे माझा कल त्यांच्याकडे असतो. कृत्रिम पदार्थांत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरतं, हायड्रॉक्सीॲपेटाइट सावकाश. काही ठिकाणी काढलेला दातच स्वच्छ करून, दळून, त्याचे कण वापरतात. तोही वापरात असलेला मार्ग आहे.

श्रद्धेमुळे किंवा आहाराच्या तत्त्वामुळे प्राणिजन्य पदार्थ नको असेल तर नि:संकोच सांगा, हा तुमचा हक्क आहे. फक्त एक गोष्ट हमखास सुटते. लोक कण कृत्रिम मागतात, पण त्यावर घालायचा कोलॅजनचा पडदा डुकराचा किंवा गाईचा असतो. कधीकधी आपोआप विरणारा टाकाही प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेला असतो, आणि रेशमी टाका किड्यापासून. म्हणून कण, पडदा आणि टाका या तिन्हींचा उगम विचारा. तिन्हींना कृत्रिम पर्याय आहेत.

पीआरएफबद्दल, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिनबद्दल, हल्ली खूप विचारतात. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 साली ही पद्धत मांडली. हातातून थोडं रक्त घ्यायचं, त्यात काहीही न मिसळता यंत्रात फिरवायचं, आणि वर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, जो मऊ गोळा जमतो तो जखमेत ठेवायचा. हिरडी लवकर भरते, ठणका कमी होतो, हा माझाही अनुभव. पण तो गोळा दोन-तीन आठवड्यांत विरून जातो. बाहेरची भिंत पातळ असेल तर नुसत्या पीआरएफवर भिस्त ठेवू नये, कणांबरोबर वापरावं.

खुर्चीत काय घडायला हवं

हाड राखायचं काम ग्राफ्टच्या आधी, दात काढतानाच सुरू होतं. पातळ धारेच्या अवजाराने मूळ आणि हाड यांच्यामधले तंतू कापत कापत दात सैल करायचा. तीन मुळांची दाढ असेल तर तिचे तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढायचं. बाहेरच्या भिंतीवर जोर द्यायचा नाही. शक्यतो हिरडी उचलायची नाही, कारण हिरडी हाडापासून सोडवली की त्या भिंतीला उरलेला रक्तपुरवठाही तुटतो. याला वेळ लागतो. तुमच्या डॉक्टरांना दात काढायला अर्धा तास लागला तर काहीतरी चुकतंय असं समजू नका.

त्यानंतर खळगा स्वच्छ खरवडायचा, सलाइनने धुवायचा, आणि बोथट सळईने चारही भिंती चाचपून बघायच्या. आतून थोडं रक्त यायलाच हवं. रक्त नसेल तर नवं हाडही येत नाही. कण सलाइनमध्ये किंवा तुमच्याच रक्तात भिजवून हलक्या हाताने भरायचे. ठासून भरले तर रक्तवाहिन्यांना आत शिरायला फट राहत नाही. वर पडदा आणि त्यावर आडवा-उभा टाका. हिरडी ओढून खळगा पूर्ण बंद करायची गरज बहुधा नसते. तसं केलं तर पुढे हवी असलेली कडक, गुलाबी हिरडी सरकते आणि गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच उथळ होते. त्यामुळे घरी आरशात पाहिलं आणि टाक्यांच्या मध्ये पांढरा पडदा दिसला तर घाबरू नका. काही पडदे मुद्दामच उघडे ठेवलेले असतात आणि तीन-चार आठवड्यांनी चिमट्याने काढून टाकले जातात. तुमचा पडदा विरणारा आहे की काढायचा, हे घरी जाण्याआधी विचारून ठेवा.

पहिले काही दिवस

कापसाचा किंवा गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा. दर पाच मिनिटांनी उचलून बघू नका, रक्त थांबायला सलग दाब लागतो. लाळेत गुलाबी छटा दिवसभर राहील, ते ठीक आहे.

पहिले 24 तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. तोंडात निर्वात पोकळी तयार झाली की गुठळी ओढली जाते, आणि ग्राफ्टमध्ये तर गुठळीबरोबर कणही येतात. लाळ गिळा, किंवा बेसिनवर वाकून नुसतं तोंड उघडा आणि ती गळू द्या. गालावरून बर्फाची पिशवी कपड्यात गुंडाळून वीस मिनिटं ठेवा, वीस मिनिटं काढा, असं पहिल्या दिवशी करत राहा. झोपताना डोकं उंचावर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते, हे आधी माहीत असलं की तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघून धक्का बसत नाही.

दुखण्याची गोळी भूल उतरण्याआधीच घ्या. ठणका सुरू झाल्यावर त्याला आवरणं अवघड जातं. पोटातला व्रण (अल्सर), मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर कोणती वेदनाशामक चालेल ते आधीच लिहून घ्या. प्रतिजैविक प्रत्येकाला लागतंच असं नाही. दिलं असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण करा.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा तोंडात घ्या. खळखळून चूळ भरू नका. डोकं एका बाजूला कलतं करून पाणी जखमेवर फिरू द्या आणि सोडून द्या. क्लोरहेक्झिडीनचं औषधी पाणी दिलं असेल तर ते दात घासल्यानंतर अर्ध्या तासाने वापरा, कारण टूथपेस्टमधल्या काही घटकांनी त्याचा असर कमी होतो. दात तपकिरी दिसायला लागले तर तो डाग सफाईत निघतो.

बाकीचे दात पहिल्या रात्रीपासूनच घासायचे, फक्त टाक्यांची जागा सोडून. लोक भीतीने पूर्ण तोंडच घासायचं थांबवतात आणि जखमेच्या शेजारी घाण साचू देतात. खाणं मऊ आणि कोमट असू द्या, दुसऱ्या बाजूने चावा, आणि बारीक बिया, चुरा होणारे कुरकुरीत पदार्थ दोन आठवडे टाळा. जड वजन उचलणं, जोराचा व्यायाम तीन-चार दिवस बंद. फुंकून वाजवायचं वाद्य असेल तर मात्र डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत थांबा. माझ्याकडच्या एका सनईवादकाला हे सांगताना मला जीवावर आलं होतं, पण तोंडातला दाब टाक्यांना सोसत नाही आणि त्यांनी ते मनापासून पाळलं. वरची दाढ काढली असेल तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका.

दोन गोष्टींमुळे रात्री-अपरात्री फोन येतात, म्हणून आधीच सांगते. जिभेवर चार-सहा कण कचकच लागले तर ते वरवरचे, सैल कण असतात. त्याने ग्राफ्ट फुकट जात नाही. आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात जखमेवर जो पांढुरका-पिवळसर थर दिसतो तो बहुधा पू नसतो, भरून येणारी साय असते. ती कापसाने पुसू नका. जिभेने चाळवूही नका, हे सांगायला सोपं आणि पाळायला सगळ्यात कठीण.

पण पुढच्या बाबतीत वाट बघायची नाही. अर्धा तास सलग दाबूनही रक्त वाहत असेल. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल. कानापर्यंत जाणारी कळ आणि तोंडाला वास येत असेल. ताप असेल. खालचा ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल. पाणी पिताना नाकात येत असेल. पडदा सुटून लोंबत असेल किंवा कण मुठीने निघाल्यासारखे येत असतील. अशा वेळी ताबडतोब दवाखान्यात कळवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तोंड उघडत नसेल, तर दंतवैद्याच्या फोनची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

नंतरचे महिने

टाके सहसा सात ते चौदा दिवसांत काढतात. हिरडी चार-पाच आठवड्यांत वरून बंद होते आणि इथेच माणसं तपासणीला यायची थांबतात, कारण वरून सगळं बरं दिसतं. आत हाड अजून कच्चं असतं. इम्प्लांट बसवण्याजोगं व्हायला चार ते सहा महिने लागतात, मोठा खळगा किंवा फुटलेली भिंत असेल तर आणखी. फार लांबवलं तर राखलेलं हाडही हळूहळू कमी होतं, म्हणून चौथ्या महिन्याच्या तपासणीची तारीख टाके काढायच्या दिवशीच घेऊन ठेवा.

या मधल्या काळात समोर दात दिसावा म्हणून काढता-घालता येणारा तात्पुरता दात देतात. तो ग्राफ्टवर टेकता कामा नये. सूज उतरली, हिरडीचा आकार बदलला की आधी न टेकणारा दातही टेकायला लागतो आणि त्या सततच्या दाबाने खालचं हाड झिजतं. हिरडीवर लाल ठसा दिसला की त्याच आठवड्यात तो दात घासून घ्यायला या. शक्य असेल तिथे मी शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात देते, त्यात हा प्रश्नच येत नाही.

ज्यांचा दात कधीच निघून गेला आहे त्यांनी हे वाचून हताश होऊ नये. हाड रुंद करण्याच्या, उंची वाढवण्याच्या, सायनस उचलण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. काही जागी कमी जाडीचं किंवा कमी लांबीचं इम्प्लांटही चालतं. सीबीसीटी काढून मोजमाप झाल्याशिवाय कोणी "तुमचं होणार नाही" म्हणालं तर दुसरं मत घ्या.

शेवटी एक छोटं काम सांगते. ग्राफ्टच्या बाटलीबरोबर आणि पडद्याच्या पाकिटाबरोबर चिकटपट्ट्या येतात. त्यांवर उत्पादनाचं नाव, लॉट क्रमांक आणि वापरायची अंतिम तारीख छापलेली असते. एक दवाखान्याच्या कागदांवर लागते, दुसरी तुमच्या फाईलमध्ये लावून मागा, आणि शेजारी दात काढल्याची तारीख व दाताचा क्रमांक लिहून घ्या. सहा महिन्यांनी इम्प्लांट बसवणारे डॉक्टर दुसरेच असले तर आत काय भरलंय आणि ते कधी भरलंय हे त्यांना एक्स-रेवरून ओळखत बसावं लागणार नाही.